अकरा पाट्या, एक भाव

तो आठवडा मी आजही विसरलो नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर पुरात वाहून आलेल्या पेटीत माणूस सापडला होता. त्यातल्या कशानं माझी भूक मेली नाही. पण शेंगतेलाच्या भावाच्या एका साध्या चौकशीनं मला चार दिवस धड जेवू दिलं नाही. घरची मंडळी म्हणतात, असल्या किरकोळ प्रकरणाचं काय लिहायचं? किरकोळ! एक सरळ माणूस माझ्या हातून कायमचा आत जाणार होता, त्याला किरकोळ म्हणायचं असेल तर म्हणा.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं होत आली होती. पाऊस बरा झाला होता, शेतं हिरवी दिसत होती, पण दुकानातले भाव कुणाचं ऐकत नव्हते. मी तेव्हा सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावी फौजदार होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. कराडहून एसटीनं फार लांब नाही, एवढं पुरे. गावाला एकच पेठ. खाली नदीचा घाट, वर वेस आणि दोन्हींच्या मधे दम लागेल असा चढ. या चढाच्या दोन अंगांना मिळून किराण्याची अकरा दुकानं होती.

त्या काळात सरकारचा हुकूम होता की प्रत्येक किराणा दुकानाबाहेर पाटी पाहिजे आणि तिच्यावर त्या दिवसाचा भाव सकाळी नऊच्या आत लिहिलेला पाहिजे. अक्षर वाचता आलं पाहिजे. पुरवठा निरीक्षक अचानक यायचा आणि पाटी कोरी दिसली किंवा आकडा कळला नाही तर खटला भरायचा. आमच्या दुकानदारांची अक्षरं म्हणजे काय सांगावं! एकाचा सात एकासारखा दिसायचा, दुसऱ्याचा नऊ कसलाच दिसायचा नाही. गिऱ्हाईक म्हणायचं सात, दुकानदार म्हणायचा नऊ, आणि भांडण ठाण्यात यायचं. शेवटी त्या सगळ्यांनी मिळून एक माणूस ठरवला. तो रोज सकाळी एकेका दुकानापुढं जायचा, ओल्या फडक्यानं पाटी पुसायचा, दुकानदार सांगेल तो भाव खडूनं लिहायचा आणि पुढच्या दुकानाकडं वळायचा.

या माणसाला गाव मेजर म्हणायचं. आमच्याकडं पलटणीतून परतलेला कुणीही मेजरच असतो, हुद्दा कुणी विचारत नाही. हे मेजर साधे शिपाई होते. पासष्टच्या लढाईत पायात लोखंड घुसलं, पाय आखूड झाला आणि पेन्शनवर घरी आले. पलटणीत गाड्यांवरचे नंबर रंगवायचं काम केल्यामुळं आकडा असा काढायचे की छापखान्यानं मान खाली घालावी. इस्त्रीचा खाकी शर्ट, काखेला पिशवी, बोलणं मोजकं. मला वाटतं, गावात पोलिसाला न घाबरणारा आणि पोलिसाशी न सलगी करणारा हा एकच माणूस असावा.

दोन महिने शेंगतेल चढत होतं. महागाई सगळ्या देशात होती, पण आमच्या पेठेत एक वेगळंच चालू होतं. भाव वाढला की अकराच्या अकरा पाट्यांवर एकाच सकाळी वाढायचा आणि आकडाही तोच असायचा, पाच पैशांचा फरक नाही. बाया रिकाम्या बाटल्या घेऊन घाटापासून वेशीपर्यंत चढायच्या आणि तितक्याच रिकाम्या उतरायच्या. "मुडदे एका ताटात जेवत्यात," असं त्या उघड म्हणायच्या. शनिवारी बायकांचा मोर्चा निघणार अशी कुजबुज होती. बाजूच्या एका गावात असल्याच मोर्चात दुकान फुटलं होतं आणि एकाचं डोकंही.

मंगळवारी टपालानं एक निनावी पत्र आलं. आमच्या जमादारांनी ते फोडलं. जमादार म्हणजे वयानं माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, याच मुलखातले, चष्म्याला दोरा बांधलेला. त्यांनी पत्र वाचलं आणि माझ्यापुढं सरकवलं. मजकूर एवढाच होता: पेठेतल्या दुकानदारांची एकी आहे, त्यांचा निरोप्या मेजर आहे, पाटी लिहिण्याच्या निमित्तानं तो रोज सकाळी वरचा भाव खाली पोचवतो, पोलिसांना डोळे असतील तर बघावं.

हे पत्र कुणी लिहिलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण डोळ्यांचा उल्लेख मला झोंबला, हे कबूल करतो.

बुधवारी साध्या कपड्यांतला एक शिपाई मी सकाळीच पेठेत शिंप्याच्या ओट्यावर बसवला. दहा वाजता त्यानं येऊन सांगितलं ते पत्रासारखंच होतं. मेजर वेशीवरच्या मोठ्या शेठच्या दुकानापासून सुरुवात करतात. मग एकेक दुकान घेत खाली येतात. प्रत्येक ठिकाणी पाटी पुसताना दुकानदार वाकून हळूच काहीतरी विचारतो, मेजर काहीतरी सांगतात, मग दुकानदार भाव बोलतो आणि मेजर लिहितात. त्या दिवशी अकरा पाट्यांवर अकरा वेळा नऊ रुपये किलो लिहिलं गेलं. आदल्या दिवशी साडेआठ होता.

यापेक्षा स्वच्छ पुरावा काय पाहिजे, असं मला वाटलं. मी मेजरना ताबडतोब आणायला सांगितलं. जीप कराडला गेली होती. थांबलो असतो तर तासाभरात आली असती. पण मी तिशीतला होतो, तापट होतो आणि मला डोळे आहेत हे गावाला दाखवायचं होतं. दोन शिपायांनी मेजरना दंडाला धरून, भर अकरा वाजता, सबंध पेठेतून चालवत आणलं. कुणीतरी "दलाल" म्हणून ओरडलं. एक म्हातारी त्यांच्या पायापुढं थुंकली.

ठाण्यात मी त्यांना बाकावर बसवलं. ते ताठ बसले.

"दुकानदार तुम्हाला काय विचारतात?"

"मागल्या दुकानात काय लिवलं, ते इचारत्यात."

"आणि तुम्ही सांगता?"

"सांगतो की. इचारल्यावर खोटं कशाला बोलू?"

"म्हणजे निरोप पोचवता."

"निरोप कुणी दिलाच न्हाई साहेब. निरोप दिला आस्ता तर तो पोचवला म्हणलो आस्तो."

"मेजर, शब्दांत पकडू नका मला. त्यांना भाव कळायचा असेल तर ते स्वतः जाऊन शेजारची पाटी वाचतील. तुम्हाला का विचारतील?"

यावर ते पहिल्यांदा थोडे हसले. "आवं साहेब, दुकानदार दुसऱ्याच्या दारात हुबा ऱ्हाऊन पाटी वाचंल व्हय? पेठेत तोंड दाखवायला जागा उरल का त्येला? गिऱ्हाईक म्हणंल, ह्येला सोताचा भाव बी ठाऊक न्हाई."

मला ते उत्तर तेव्हा उडवाउडवीचं वाटलं. टेबलावर हात आपटला, आवाज चढवला, नाही नाही ते बोललो. मारलं नाही, पण न मारल्याची फुशारकी मारावी असंही माझं वागणं नव्हतं. ते एकच सांगत राहिले: विचारतात, सांगतो, लिहितो. शेवटी मी अंमलदाराला स्टेशन डायरीत नोंद करायला सांगितली, 'चौकशीकामी हजर ठेवले.' अटक नाही, गुन्हा नाही, नुसतं हजर. या एका ओळीत माणूस किती दिवस बसवता येतो ते पोलिसांनाच माहीत.

गुरुवारी सकाळी जे झालं त्यानं माझी खात्री पटली आणि त्याच दिवशी ती डळमळलीही.

मेजर ठाण्यात असल्यामुळं पाट्या लिहायला कुणी नव्हतं. अकराही पाट्यांवर बुधवारचाच नऊचा आकडा राहिला. कुणीही पुसला नाही, कुणीही वाढवला नाही. गावभर झालं, मेजरला धरला आणि भाव थांबला. हे साताऱ्यालाही पोचलं असावं, कारण दुपारी आमच्या डीवायएसपी साहेबांचा फोन आला.

"शाबास. आता पुरावा आणखी काय पाहिजे? माणूस आत आला, भाव थांबला. उद्या दुपारी बारापर्यंत मिसाखाली स्थानबद्धतेचा प्रस्ताव पाठवा."

"साहेब, दुकानदारांचं काय?"

"ते नंतर बघू. शनिवारी मोर्चा आहे ना तुमच्याकडं? त्याच्या आधी काहीतरी झालेलं दिसलं पाहिजे."

मिसा काय होता हे आजच्या वाचकांना सांगायला हवं. त्यात कोर्ट नव्हतं, जामीन नव्हता, किती दिवस ते माहीत नव्हतं. वर सही झाली की माणूस गेला. दुकानदारांच्या मागं वकील होते, पुढारी होते. मेजरच्या मागं फक्त बायको होती.

ती बायकोच थोड्या वेळानं डबा घेऊन आली. रडली नाही, पाया पडली नाही. पदर खोचलेला, पायांना चिखल. म्हणाली, "सायेब, ह्यांनी काय केलं ते येकदा मला सांगा. मी बायामधी पाण्याला जाते. मला समदी इचारत्यात. काय सांगू?"

"चौकशी चालू आहे बाई."

"चवकशी म्हंजी काय केलं?"

मी फायलीत तोंड घातलं. दुसरं काय करणार?

त्या दुपारी मी एकेक दुकानदाराला बोलावलं. एकी असेल तर कुणीतरी फुटेलच असा माझा हिशेब होता. कुणी फुटेना. मधल्या दुकानाचा एक मालक तर माझ्यावरच उखडला. "फौजदारसाहेब, एकी कसली डोंबलाची! माझं आणि शेजारच्याचं तीन वर्षं बोलणं नाही. वर नऊ झाला असं कळलं की मी नऊ लिहितो. कारण मला वाटतं, वरच्याला कराडच्या पेठेतली काहीतरी खबर लागली असणार. आज मी साडेआठला डबा विकला आणि उद्या मला तोच नऊला भरावा लागला तर? विकलेल्या पैशात तेवढाच माल परत यायला नको? नाहीतर महिन्याभरात दुकानात बसून माश्या मारू."

"आणि तुमच्याकडचा जुना डबा? तो तर स्वस्तात घेतलेला."

"डब्यावर जुनं-नवं लिहिलेलं नसतं साहेब."

"बरं. मग भाव उतरला की लगेच उतरवता का?"

त्यानं कान खाजवला. "उतरवतो की... पण पहिला कोण उतरवणार? आपण उतरवला आणि वरच्यानं नाही उतरवला तर आपलंच नुकसान. म्हणून जरा वाट बघतो."

"किती?"

"आता किती म्हणून सांगू? सगळेच बघतात."

माणूस खोटं बोलत असला की त्याची गोष्ट गुळगुळीत असते, हा माझा अनुभव. याची गोष्ट खडबडीत होती, स्वतःला लाजवणारी होती. मला खरी वाटायला लागली. पण मग कुणीतरी पहिला असणारच. दहा माणसं मागच्याकडं बघून लिहीत असतील तर ज्याच्या मागं कुणीच नाही तो कुणाकडं बघून लिहितो?

संध्याकाळी हजेरीच्या वेळी जमादार माझ्याजवळ घुटमळले. "सायेब, येक इचारू? रागावणार न्हाई न्हवं?"

"विचारा."

"मेजरचं घर घाटाकडं हाय. दुकानं घाटापासनं सुरू व्हत्यात. मग ह्यो लंगड्या पायाचा गडी सकाळच्या पारी समदा चढ चढून आधी येशीवर का जातुया? खालनं सुरू केलं तर वर जाईस्तवर काम हुईल. ह्यो आधी वर जातुया, मग लिवत खाली येतुया."

दोन दिवस मी तो माणूस समोर बसवून ठेवला होता, त्याचा पाय बघत होतो, आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता! मी लगेच मेजरपुढं जाऊन बसलो, या वेळी आवाज न चढवता.

"आधी तुम्ही कुठून सुरू करायचात?"

"घाटाकडनंच. पयलं काकींचं दुकान." काकी म्हणजे घाटावर दुकान चालवणारी एक विधवा बाई. नवऱ्यामागं तिनं एकटीनं ते दुकान धरून ठेवलं होतं.

"मग वरून कधीपासून?"

"दोन म्हयनं झालं आसतील. शेठ म्हणालं, मेजर, आमच्याकडं पैलं येत जा, आमचं दुकान लौकर उघडतंय. खुर्ची देत्यात, च्या देत्यात. मला काय, कुटनं तरी सुरू करायचंच."

दोन महिने. तेल एका दमात चढायला लागलं तेही दोनच महिने.

जमादारांनी त्याच संध्याकाळी जकात नाक्यावर चक्कर मारली. नाक्यावरच्या कारकुनाशी त्यांची जुनी पानतंबाखू. त्यानं सांगितलं की शेठचा तेलाचा ट्रक हल्ली नाक्यापर्यंत येतच नाही, अलीकडंच उंब्रजच्या बाजूला एका बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या शेडकडं वळतो. परवा मंगळवारी वळला होता. आजही वळला होता.

मी तिथंच छापा घालायला निघालो होतो. जमादारांनी माझी बाही धरली, खरोखर धरली. "सायेब, माल घावंल. पर मग मेजर शेठचाच मानूस ठरंल. साटा शेठचा, भाव पोचिवनारा मेजर. दोगं बी मिसात."

बरोबर होतं. साठा सापडून मेजर सुटणार नव्हते, उलट पक्के अडकणार होते. मला दाखवायला हवं होतं की मेजर फक्त विचारल्याचं खरं उत्तर देतात आणि भाव त्यांच्यामुळं नाही, त्यांच्या चालण्याच्या दिशेमुळं चढतो. दिशा उलटी केली तर काय होतं ते बघणं एवढाच मार्ग होता. आणि बारा वाजेपर्यंतचाच वेळ होता.

शुक्रवारी सकाळी साडेसातला मी डायरीत 'चौकशी करून सोडले' अशी नोंद केली आणि खाली सही ठोकली. वरून आलेला हुकूम मोडून माणूस सोडला होता. तो निघून गेला असता, किंवा प्रयोग फसला असता, तर माझा पट्टा उतरला असता यात शंका नाही. पोरं लहान होती. सही करताना ती दिसली, खोटं कशाला सांगू?

मेजरना म्हटलं, "आज घाटाकडून सुरू करा. कुणी काही विचारलं तर रोजच्यासारखं खरं सांगा. बस."

"येवढंच?"

"एवढंच."

"आन् न्हाई जमलं तर?"

मी म्हटलं, "जमेल." मला अजिबात खात्री नव्हती. माझ्याकडं बघून त्यांनाही ते कळलं असावं. त्यांनी पिशवी काखेला मारली आणि निघाले.

पेठेत खाकी दिसली तर भीतीनं दुकानदार भाव उतरवतील आणि सगळंच फुकट जाईल, म्हणून मी आमचा एकही माणूस ठेवला नाही. उंब्रजहून एक अनोळखी हवालदार मागवला होता. तो डोक्याला मुंडासं आणि हातात बाटली घेऊन गिऱ्हाईक म्हणून मेजरच्या मागं राहिला. मी आणि जमादार वेशीवर, शेठच्या दुकानासमोरच्या शिंप्याच्या माळ्यावर चढून बसलो. खालचं काही दिसत नव्हतं, पाच दुकानं फार तर. मी पाण्याचा तांब्या दोनदा रिकामा केला. जमादार मात्र शांतपणे बटणं मोजत होते.

खाली काय झालं ते हवालदारानं नंतर सांगितलं. काकींनी मेजरना बघून आधी कपाळाला हात लावला. "आवं मेजर, सोडलं का तुमास्नी? बरं झालं बाई. वर काय लिवलं?"

"वर गेलोच न्हाई. आज तुमचं पयलं."

"माझ्या आधी कुणाचंच न्हाई?"

"न्हाई."

काकींनी आत डब्यांकडं वळून बघितलं. मग म्हणाल्या, "मग साडेआठ लिवा. माझं मागलं डबं हाईत. मला परवडतंय. आसं कुणी कवा इचारलंच न्हाई मला."

दुसऱ्या दुकानदारानं विचारलं, मेजरनी साडेआठ सांगितलं, त्यानं साडेआठ लिहायला लावलं. तिसऱ्यानंही. चौथा अडला. "साडेआठ? आणि वर?" मेजर म्हणाले, "वर आजून गेलो न्हाई." तोपर्यंत काकींची पाटी बघून बाया बाटल्या घेऊन चढ चढायला लागल्या होत्या. चौथ्यानं त्यांच्याकडं बघितलं, मेजरकडं बघितलं, एक शिवी हासडली आणि म्हणाला, "लिहा साडेआठ." पुढचे सगळे त्याच वाटेनं गेले.

माळ्यावरून मला आधी बायकांचा गलका ऐकू आला. मोर्चा आजच निघाला की काय, असं मला वाटलं. मग वरून पाचव्या दुकानाची पाटी दिसली. माझे डोळे तेव्हा चांगले होते. साडेआठ! मी जमादारांच्या पाठीत थाप मारली, त्यांच्या हातातली बटणं सांडली.

शेठ दारात उभे होते, कपाळाला आठ्या. "मेजर, आधी इकडं यायचं ठरलंय ना आपलं?"

"पाय दुखतुया शेठ. घराकडनं सुरू केलं."

"बरं बरं. साडेनऊ लिहा."

मेजर पाटी पुसू लागले. शेठनी सहज विचारलं, "खाली काय आहे?"

"साडेआठ. धाच्या धा ठिकानी."

"काय?" शेठचा आवाज चिरकला. मागं बाया उभ्या आहेत हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. "साडेआठ? अहो, कुणी सांगितलं त्यांना साडेआठ? मग माझा शेडमधला माल काय नदीत ओतू?"

उंब्रजचा हवालदार बाटली घेऊन अगदी पुढं उभा होता. मी जिन्यावरून कसा उतरलो मला आठवत नाही. "कुठली शेड, शेठ?" एवढंच मी विचारलं. शेठ खाली बसले.

दोन पंच घेऊन आम्ही त्या गुऱ्हाळाच्या शेडवर गेलो. उसाच्या चिपाडांमागं तेलाचे डबे रचलेले होते. कुठल्याही कागदावर त्यांची नोंद नव्हती. पंचनामा केला, मुद्देमाल सील केला, आणि बाराला दहा मिनिटं असताना मी धापा टाकत साताऱ्याला फोन लावला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठीक आहे. प्रस्ताव नको." मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकलं. जमादारांनी चहा मागवला, आणि त्याचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

शेठनी जबाबात सांगितलं ते मी अनेकदा आठवलंय. "मी कुणालाही भाव वाढव म्हटलं नाही. मी माझ्या पाटीवर माझा भाव लिहिला. बाकीच्यांनी का लिहिला ते त्यांना विचारा." आणि गंमत अशी की ते खरं होतं. पहिली पाटी आपली असली की बाकीच्या दहा आपोआप येतात, हे त्यांनी हेरलं होतं. आदल्या दिवशी माल शेडमध्ये भरायचा आणि दुसऱ्या सकाळी पहिला आकडा लिहायचा. कायद्यात त्यांचा गुन्हा बसला तो फक्त लपवलेल्या साठ्याचा. खटला झाला, दंड झाला, काही महिने परवाना बंद राहिला.

शनिवारचा मोर्चा निघालाच नाही. तेलाचा भाव मात्र पुढं कायम खाली राहिला असं मी म्हणणार नाही. कराडला वाढला की आमच्याकडंही वाढला. पण आता एखादं दुकान दहा पैसे वर, एखादं खाली असायचं, आणि बाया बाटली घेऊन कुठं जायचं ते ठरवू शकायच्या.

मला वरून शाबासकीचं पत्र आलं. जमादारांना आलं नाही, त्याबद्दल मी भांडायला हवं होतं, भांडलो नाही. मी खूश होतो. एका निरपराध माणसाला वाचवलं असं मी दोन-चार ठिकाणी सांगितलंही. या प्रकरणानं मला एक शिकवलं, ते नव्या अधिकाऱ्यांना मी नेहमी सांगायचो: समोरचा माणूस काय करतो ते बघू नका, तो तसं कधीपासून आणि कुणाच्या सांगण्यावरून करतो ते विचारा. पुरावा आणि योगायोग अंगावर एकच कपडे घालून येतात. भाषण म्हणून हे चांगलं होतं. टाळ्याही मिळायच्या. पुढं मी ते सांगायचं बंद केलं.

त्याचं कारण असं. मेजरनी त्या शुक्रवारनंतर पाट्या लिहिल्या नाहीत. काकी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आल्या, तरी नाही. मला वाटलं, पाय दुखत असेल. दोनेक महिन्यांनी त्यांच्या घराला कुलूप दिसलं. जमादार म्हणाले, सांगलीला गेले, बायकोच्या भावाकडं.

पुढच्या वर्षी कोर्टाच्या कामानं मी सांगलीला गेलो होतो. हातात वेळ होता. पत्ता शोधत हळदीच्या वखारींच्या बाजूला गेलो. मेजर एका वखारीच्या फाटकावर पहाऱ्याला होते. इस्त्रीचा शर्ट तसाच होता, पण हातांना, मानेला हळदीची पूड चिकटलेली. मला बघून ते उभे राहिले आणि सॅल्यूट केला. मी गणवेशात होतो. बरं आहे का विचारलं, बरं आहे म्हणाले.

मी निघालो तशी त्यांची बायको खोपटातून बाहेर आली आणि थोडं अंतर माझ्या मागं चालत आली. फाटकापासून पुरेसं लांब आल्यावर तिनं हाक मारली.

"सायेब, तुमी ह्यास्नी सोडलं, तुमचं लय उपकार. पर तितं पान्यावर कुणी सोडलं म्हणत न्हवतं. धरलं हुतं येवढंच म्हनायची समदी." तिनं मागं वळून फाटकाकडं बघितलं. हमाल आमच्याकडंच बघत होते. "हितं कुणाला काय म्हाईत न्हाई. तुमी परत येऊ नगासा."

मी मान हलवली. पुन्हा कधी गेलो नाही.